‘तडजोड झाली’: एका महिला मंडळाच्या ट्रंकेचा प्रकरण अभ्यास

घराचा इसार झाला होता. महिला मंडळाच्या ताईंना जाऊन वर्ष उलटलं होतं, मुलगा पुण्याला, आणि माळवदावरच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक, युरियाच्या दोन गोण्या आणि एक लाकडी कपाट एवढंच सामान उरलं होतं. “मॅडम, रद्दीवाला उद्या सकाळी येणार आहे. तुम्ही लायब्ररीत असता म्हणून म्हटलं, एकदा विचारावं,” असा मुलाचा फोन आला. मी तासाभरात छोटा हत्ती घेऊन दारात उभी.

हे प्रकरण त्या सामानाचं आहे. बीड जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, तिथं १९८३ साली सुरू झालेलं महिला मंडळ आणि त्याचं २००४ पर्यंत चाललेलं सल्ला केंद्र. मी तिथल्याच कॉलेजात ग्रंथपाल. गावाचं, मंडळाचं, बायकांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

स्त्री चळवळीचे कागद जपायला हवेत हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं आणि लोक ते विसरले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत १९७५ उजाडलं. मधली त्र्याण्णव वर्षं कुठल्या तरी कपाटात एखादी प्रत टिकली म्हणून हे जमलं. आज आपल्या मराठवाडा विद्यापीठातल्या स्त्री अभ्यास केंद्राला ताराबाईंचं नाव आहे. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात १९७४ पासून स्त्री अभ्यासाचं केंद्र आहे, १९८८ पासून ‘स्पॅरो’ हा आवाजांचा आणि चित्रांचा संग्रह आहे. म्हणजे जपण्याची सोय अजिबात नाही असं नाही. पण ती सोय रेल्वेच्या शेवटच्या टोकाला आहे, आणि आमच्या गावाला तर रेल्वेच नाही.

ट्रंकेत काय होतं

वरच्या थरात पावतीपुस्तकं, बँकेची पासबुकं, एसटीची तिकिटं (प्रवासखर्चाच्या हिशोबासाठी टाचणीनं लावलेली) आणि हळदीकुंकवाऐवजी तिळगूळ समारंभ ठेवल्याची निमंत्रणं. त्याखाली सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं. नव्या पोरींना हा शब्द माहीत नसतो. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकाच्या लेखणीनं कोरायचं, शाईचा रूळ फिरवायचा, खरबरीत कागदावर प्रत उमटायची. हात शाईनं काळे. तो कागद चाळीस वर्षांत बिस्किटासारखा होतो, घडी उलगडली की घडीवरच तुटतो. टाचण्यांचा गंज कागदात उतरलेला. गोण्यांपैकी एकीत वाळवीनं खालून शिरून १९८७ आणि १९८८ ही दोन वर्षं जवळजवळ संपवली होती.

ड्रॉइंग शीटवर हातानं काढलेली चोवीस पोस्टर्स होती. ती बघून मी थांबले. हुंडाबळी, जाळलेली सून, बंद दार. चित्रकलेच्या कुणा मास्तरनं काढली असावीत. ही चित्रं कुठून आली हे कळायला १९८२ मध्ये जावं लागतं. मंजुश्री सारडा ही बीडची लेक. फेब्रुवारीत लग्न झालं, जूनमध्ये पुण्यात सासरी तिचा मृत्यू झाला. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं खटल्यात पुरावा म्हणून आली. खालच्या कोर्टात फाशी, उच्च न्यायालयात ती शिक्षा कायम, आणि जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खून सिद्ध होत नाही म्हणून पतीला निर्दोष सोडलं. पुण्यातल्या नारी समता मंचानं ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन गावोगाव फिरवलं. आमच्या ट्रंकेतली पोस्टर्स त्याच वाऱ्याची. बीडच्या बायकांना त्या वर्षी एक गोष्ट कळली असावी असं मला वाटतं: माहेरी लिहिलेलं अंतर्देशीय पत्र फेकायचं नसतं. कारण ट्रंकेत अशी पत्रं गठ्ठ्यानं होती, बायकांनी ताईंकडे ‘ठेवा’ म्हणून दिलेली.

कॅसेटा तेवीस. सगळ्या मुळात भक्तिगीतांच्या. पुसू नये म्हणून वरच्या कडेला जी दोन भोकं असतात त्यांवर चिकटपट्टी लावून त्यांच्यावरच शिबिरातली गाणी आणि भाषणं टेप केलेली. एका कॅसेटमध्ये रोजगार हमीच्या कामावर पाळणाघर मागणारं गाणं आहे. गाणं संपतं, खरखर होते आणि पुसायची राहून गेलेली काकड आरती सुरू होते. ही खरखर आणि आरती काढून टाकायची का, असा प्रश्न एका विद्यार्थ्यानं विचारला. अजिबात नाही. नवी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते हेही त्या चळवळीबद्दल सांगण्यासारखं आहे, आणि ते त्या आरतीशिवाय कुठंच लिहिलेलं नाही.

आणि सोळा नोंदवह्या. लाल कापडी पाठीच्या, दुकानातल्या खतावणीसारख्या. रकाने पेनानं आखलेले: क्रमांक, तारीख, नाव, माहेर, सासर, तक्रार, काय केलं, शेरा. या सोळा वह्याच या प्रकरणाचं खरं दुखणं.

मालकी कुणाची

मुलाला वाटत होतं आईचं सामान आहे, म्हणजे आपलं. तो चांगला माणूस, देऊन टाकायला तयार होता. पण देणारा तो नव्हेच. मंडळ १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं होतं. संस्था बंद पडली तरी तिची मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, तशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेकडे जावी लागते. धर्मादाय आयुक्तांकडे शेवटचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) दाखल होऊन वीसेक वर्षं झालेली. कागदावरच्या सात विश्वस्तांपैकी चार गेलेल्या, एक अमेरिकेत मुलीकडे, दोघी गावात. या दोघींना एकत्र बसवून ठराव लिहून घ्यायला चार महिने लागले, कारण त्या एकमेकींशी १९९६ पासून बोलत नव्हत्या. निवडणुकीत एक एका पक्षाच्या पॅनलमध्ये, दुसरी दुसऱ्या. कागद जपायचे म्हणून शेवटी बोलल्या. पहिलं वाक्य काय बोलल्या ते मी सांगणार नाही.

पत्रांचं आणखी वेगळं. पत्राचा कागद ज्याच्याकडे आला त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो मृत्यूनंतरही टिकतो. म्हणजे ताईंच्या ट्रंकेतली पत्रं छापायची तर लिहिणारीला किंवा तिच्या वारसाला विचारायला हवं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचा कायदेशीर वारस कोण निघेल, हा विचार करून बघा.

मुंबईच्या एका संस्थेनं सगळं नेऊन, स्कॅन करून, वातानुकूलित खोलीत ठेवायची तयारी दाखवली. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली पारा बेचाळीसच्या वर जातो आणि श्रावणात भिंती घामेजतात, कागदाला याहून वाईट काही नाही. पण त्या दोघींपैकी एक म्हणाल्या, “अहो, ज्या बाईचं लिहिलंय तिला उद्या बघायचं झालं तर ती मुंबईला कशी जाईल?” मला हा प्रश्न तेव्हा थोडा नाटकी वाटला होता. पुढं तो अगदी शब्दशः खरा ठरला.

माझ्या हातून झालेली चूक

पहिल्याच महिन्यात मी सर्वांत जुनी चाळीस पत्रकं झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन करून आणली. कॉलेजात नकाशे, फोटो, सगळं आपण असंच करतो. चकचकीत दिसत होती. नंतर विद्यापीठात एका कार्यशाळेत कळलं की गरम प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, आतलं आम्ल आतच राहतं, आणि ते प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही. जपणुकीचा पहिला नियमच हा, की उद्या उलटं करता येणार नाही असं काही आज करायचं नाही. ग्रंथपालाची पदवी असून मला तो ठाऊक नव्हता असं नाही, आठवला नाही एवढंच. ती चाळीस पत्रकं आता एका वेगळ्या डब्यात आहेत आणि डब्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय की हे कुणी केलं.

बाकीचं मग शिस्तीत केलं. टाचण्या बोथट चाकूनं सोडवल्या, मऊ ब्रशनं धूळ काढली, आम्लविरहित कागद पुण्याहून मागवला, डांबरगोळ्या काढून टाकल्या. कॅसेट ऐकायला तासाची असेल तर उतरवायलाही तासच लागतो, त्याला आडवाट नाही. चालू अवस्थेतला टेप शोधण्यातच दिवाळी गेली. शेवटी एका भजनी मंडळाकडे मिळाला. एका उत्साही पोरानं दोनशे पानं मोबाइलवर काढून व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवली. व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून बारीक करतं, अंगठ्यांच्या रेषा पुसट झाल्या. पुन्हा स्कॅनरवर बसवलं त्याला. आता तीन प्रती आहेत: दोन इथं वेगवेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या शहरात.

नावांनी मात्र जीव काढला. एकच बाई हजेरीपटात माहेरच्या नावानं, तक्रारीत सासरच्या नावानं, आणि टाकल्यानंतर पुन्हा माहेरच्या आडनावानं, पण लग्नात बदललेल्या पहिल्या नावासकट. काही ठिकाणी नुसतं ‘अमक्याची मंडळी’. गावांचंही तसंच. अंबाजोगाईच्या एका म्हातारीनं माहेर ‘मोमिनाबाद’ सांगितलं होतं, ताईंनी तसंच लिहिलं. औरंगाबाद, उस्मानाबाद यांची सरकारी नावं २०२३ मध्ये बदलली. आम्ही ठरवलं की कागदावर जे आहे तेच सूचीत पहिलं, आजचं नाव त्यापुढं. सूची करणाऱ्यानं इतिहास दुरुस्त करायला बसू नये.

जे ट्रंकेत नव्हतं

१९९३ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत नोंदवही कोरी आहे. आधी वाटलं वही हरवली. मग लक्षात आलं, ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि मंडळातल्या झाडून सगळ्या जणी लातूर-उस्मानाबादकडे गेल्या होत्या. त्या पाच महिन्यांचा एकच कागद आहे: शाळेच्या वहीतलं पान, त्यावर कुणाला लुगडं दिलं, कुणाला पातेलं.

ही पोकळी समजण्यासारखी. दुसरी तशी नव्हती. सोळा नोंदवह्या, शेकडो पत्रकं, आणि त्यात नामांतराचा एक शब्द नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि मराठवाडा पेटला, दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मंडळाची पहिली अकरा वर्षं या काळातच येतात. स्त्रियांवरच्या अत्याचाराबद्दल लिहिणाऱ्या मंडळाला वेशीपलीकडची वस्ती दिसली नाही का? ताई मला फार प्रिय. तरी हा प्रश्न मला त्यांच्या माघारी विचारावा लागला.

मी वस्तीतल्या आक्कांकडे गेले. ऐंशीच्या घरातल्या, विहारातल्या महिला मंडळाच्या जुन्या अध्यक्ष. मी म्हटलं, तुमच्या मंडळाचे कागद, फोटो, काही असेल तर बघायला आले. त्या हसल्या. “आमचं कुठून असंल बाई? आमचं तर अठ्ठ्याहत्तरलाच जळालं की. घरासंगट.”

मला वाटतं या सगळ्या प्रकरणात मी ऐकलेलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. आम्ही अभिलेखागार म्हणतो तेव्हा ज्यांचं घर शाबूत राहिलं त्यांचेच कागद मोजत असतो. ताईंच्या माळवदाला वाळवी लागली, आक्कांच्या घराला काडी लागली होती. दोघी एकाच गावच्या.

आक्कांकडे जे होतं ते तोंडात होतं. सत्तरेक गाणी आणि ओव्या. बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या, आणि जाळपोळीत पोराला काखेला मारून रानात तीन रात्री काढल्या त्याची एक, जिला चाल आहे पण कडवी दर वेळी बदलतात. इथं आम्हाला वाट नव्यानं पाडायची नव्हती. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात 1 लाखाहून अधिक ओव्या आहेत, त्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या आहेत, आणि ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्या आज कुणालाही ऐकता येतात. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं, तेही असंच, घरोघर जाऊन. आम्ही फक्त एक गोष्ट पाळली: परवानगी कागदावर अंगठा घेऊन घेतली नाही, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आक्कांच्याच आवाजात घेतली. “हे म्या सांगायले ते पोरींनी ऐकावं, पेपरात मात्र देऊ नका,” असं त्या म्हणतात. म्हणून ती रेकॉर्डिंगं कॉलेजात बसून ऐकता येतात, बाहेर जात नाहीत. आक्कांचा डबा ताईंच्या ट्रंकेशेजारी ठेवलेला नाही. तो विहारात आहे, किल्ली त्यांच्या नातीकडे. आमच्याकडे प्रत.

आणखी एक पाकीट सांगते. कपाटाच्या तळाशी, वर ताईंच्या अक्षरात: ‘उर्दू – वाचून घेणे’. आत सात कागद. मंडळात उर्दू वाचणारं कुणी नव्हतं, आणि पस्तीस-छत्तीस वर्षं ते वाचून घेतले गेले नाहीत. निजामाच्या राज्यात शिकलेली माणसं तेव्हा गल्लोगल्ली हयात होती, तरीही. मी उघडताना मनाशी धरूनच चालले होते की तलाकनामे असणार. काळ शहाबानो प्रकरणानंतरचा (तलाक दिलेल्या मुसलमान बाईच्या पोटगीचा तो खटला), नोंदवहीत मुसलमान बायकांच्या तक्रारीही बऱ्याच. निवृत्त उर्दू मास्तरांनी वाचून दाखवलं. दोन तलाकनामे होते. उरलेली पाच पत्रं एकाच बाईची होती, आणि तक्रार एकही नव्हती. आमच्या मोहल्ल्यात मुलींसाठी शिवणवर्ग आणि वाचनाचा वर्ग काढा, जागा मी देते, असं ती पाच वेळा लिहीत होती. पाचव्या पत्रात जागेचं मोजमाप दिलंय. अकरा हात बाय सात हात. मास्तर चष्मा पुसत बसले. मीही काही बोलले नाही.

नोंदवह्या

अभ्यासकाच्या नजरेनं या सोळा वह्या म्हणजे सोनं. उदाहरणच द्यायचं तर, दसऱ्यापासून होळीपर्यंत तक्रारी रोडावतात. घरं सुधारतात म्हणून नव्हे, ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर गेलेल्या असतात. नवराबायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, मार खाल्ला तरी फडातून परत यायला गाडी नाही. एप्रिल-मेमध्ये रकाने भरभरून वाहतात. तक्रारीच्या रकान्यात मारहाण लिहिलेली आणि शेजारी बारीक अक्षरात कुठंकुठं ‘पिशवी काढलेली आहे’, म्हणजे गर्भाशय. २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि महाराष्ट्र हादरला. त्याआधी वीस वर्षं एका तालुक्याच्या गावात कुणीतरी ते बारीक अक्षरात लिहीत होतं.

पण याच वह्यांत बायकांची नावं आहेत, गावं आहेत, कोणाच्या नवऱ्यानं कोणापायी टाकलं ते आहे. त्यातल्या बऱ्याच जणी हयात. बलात्कारातल्या पीडितेची ओळख उघड करणं तर गुन्हाच, आधी दंड संहितेच्या २२८-अ खाली, आता न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली. ती पानं आम्ही स्कॅनच केली नाहीत, वेगळ्या पाकिटात सील केली. बाकीच्या पानांचं काय? २०२३ चा विदा (वैयक्तिक माहिती) संरक्षण कायदा संशोधनाला आणि अभिलेखांना बरीच सूट देतो. पण कायदा सोडतो म्हणून आम्ही सोडावं असं मला पटत नव्हतं. या बायकांनी ताईंना सांगितलं होतं, मला नाही, आणि पीएचडी करणाऱ्या पोराला तर नाहीच.

आमची पाच जणींची समिती होती, त्यात आक्कांची नातही. वाद चालू असतानाच गावात बातमी फुटली की ताईंच्या वह्या कॉलेजात आहेत. आणि एका बुधवारी, बाजाराच्या दिवशी, एक बाई पिशवीत भाजी घेऊन लायब्ररीच्या दारात आल्या. साठीच्या. आत यावं की नाही अशा उभ्या.

“माझं पान हाय का तुमच्यात?”

सूचीत शोधायला वेळ लागला, तीन नावांमुळं. १९९१ ची नोंद. त्यांना वाचता येत नव्हतं. “तुम्हीच वाचा. मोठ्यानं नका वाचू.” मी दार लावून वाचलं. नवरा मारतो, दुसरी ठेवलेली, दोन मुली. काय केलं: दोन्हीकडच्यांना बोलावून बैठक. शेरा: तडजोड झाली.

त्या गप्प बसल्या. मला वाटलं आता म्हणतील, फाडा. मनात उत्तरही तयार ठेवलं होतं.

“तडजोड न्हाई झाली,” त्या म्हणाल्या. “मला वापस धाडलं. ताईनंच धाडलं. लेकरं हायेत म्हणल्या, येकदा जाऊन बघ म्हणल्या. म्या गेले. आठ दिसांत हात मोडला माझा.” डावा हात उचलून दाखवला, कोपरातून सरळ होत नव्हता. “पुन्हा न्हाई आले मी तुमच्या मंडळात. कामून येऊ? तडजोड म्हणून लिवलंय व्हय तिनं?”

‘तडजोड झाली’ हा शेरा सोळा वह्यांत चारशेच्या वर ठिकाणी आहे. त्या क्षणापर्यंत मी तो यशाच्या रकान्यात मोजत होते. मंडळाचा इतिहास लिहायला घेतला होता, त्यात तसं वाक्यही लिहून झालं होतं.

“पान फाडायचं का?” मी विचारलं.

“फाडून काय व्हतंय? लिवलंय ते चूक हाय. बराबर लिवा.”

नोंदवहीत खाडाखोड करता येत नाही. ताईंनी जे लिहिलं ते ताईंनी लिहिलं, तेही खरंच आहे एका अर्थी, त्यांना तसं वाटलं असेल किंवा वाटून घ्यायचं असेल. त्या काळी संस्थांकडे बाईला ठेवायला जागा नव्हती, आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा यायला अजून चौदा वर्षं होती. ‘नांदायला जा’ हे चळवळीतल्या बायकाही म्हणत. हे मी त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या हातापुढं ते सांगण्यासारखं नव्हतं.

शेवटी एका आम्लविरहित कागदावर, पेन्सिलीनं (शाई उतरते, पेन्सिल उतरत नाही), त्या सांगतील तसं लिहिलं. त्यांच्याच भाषेत, शुद्धलेखन न करता. तारीख घातली. अंगठा नको म्हणाल्या; सही येत होती, साक्षरता वर्गात शिकलेल्या. मंडळाच्याच वर्गात, १९९० साली. तो कागद त्या पानाला न चिकटवता, शेजारी घडीत ठेवला. त्याची झेरॉक्स मागून घेतली त्यांनी. ‘संजय गांधी निराधार’च्या कागदांची प्लास्टिकची पिशवी त्यांच्याजवळ होती, त्यात ती घातली आणि भाजीची पिशवी उचलली.

नियम या बुधवारानंतर ठरले. नोंदवह्या २०६४ पर्यंत बंद, म्हणजे शेवटच्या नोंदीनंतर साठ वर्षं. संशोधकाला नावं, गावं झाकलेली प्रत मिळेल, तीही समितीनं अर्ज बघून. जिचं पान आहे तिला केव्हाही, बाजाराच्या दिवशी सुद्धा, आधी न कळवता. तिला पुढं लिहायचं असेल तर कागद जोडता येईल. आणि ‘तडजोड झाली’ हा शेरा सूचीत निकाल म्हणून नव्हे, फक्त अवतरणचिन्हात येईल. मुंबईच्या संस्थेला पोस्टर्सच्या, पत्रकांच्या आणि कॅसेटांच्या प्रती दिल्या. वह्या इथंच.

एका मुद्द्यावर मात्र मी हरले. पान फाडून मागणारी आली तर? माझं म्हणणं होतं, मूळ कागद कधीही द्यायचा नाही. ग्रंथपालाचं रक्तच ते. आक्कांची नात म्हणाली, “मॅडम, तिचं पान आहे ना? की आपलं?” मतदान झालं, चार विरुद्ध एक.

दीड वर्षात एकूण सहा जणी आल्या. तिघींनी नुसतं ऐकलं. एकीनं आणखी मजकूर जोडला. एकीला तिच्या आईचं पान हवं होतं, आई गेलेली. त्यावर आमचा अजून निर्णय नाही. सहावी मागच्या महिन्यात आली, पोराचं लग्न ठरलं होतं. मी पट्टी लावून पान सरळ कापून दिलं, वहीत त्या जागी चिठ्ठी घातली: ‘पान क्र. ११२ संबंधित बाईंना परत’, तारीख, दोघींच्या सह्या. त्यांनी जिन्याखालीच त्याचे बारीक तुकडे केले. केराची टोपली मी पुढं केली, तर मान हलवली आणि तुकडे पदरात गाठ मारून एसटी स्टँडकडे गेल्या.